चेहरा मादामचा, आवाज दुसरीचा

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी पाळणाघरात मुलांना स्नोसूट चढवत होते. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, एकाला टोपी घालावी तोवर दुसऱ्याने बूट काढलेले असतात, आणि सगळी फौज तयार झाली की हमखास कुणाला तरी वॉशरूमला जायचं असतं. खिशात फोन थरथरत होता आणि मी तो घेत नव्हते. शेवटी खांदा आणि कान यांच्यात धरून घेतला. पलीकडची नर्स फार हळुवार बोलत होती. फ्रेंचमध्ये इतकं हळुवार बोलणाऱ्या माणसाची मला भीतीच वाटते. "तुम्ही मादाम सोलांज यांच्या कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, शेजारीण. मग जरा थांबून म्हटलं, मैत्रीण. मादाम पहाटे गेल्या, झोपेतच, त्रास झाला नाही... असं ती सांगत होती. मी तिचे आभार मानले, हातातल्या मुलाची चेन गळ्यापर्यंत ओढली, सगळ्यांना अंगणात नेलं आणि ती बर्फात लोळत असताना कुंपणाशी उभी राहून रडले. त्या थंडीत रडण्याचा एक फायदा असतो, तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत असतं.

मादाम सोलांज फ्रेंच सिनेनटी होत्या. हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळात उच्चारलं की लोक सावरून बसायचे आणि विचारायचे, कुठल्या सिनेमात? मी नावं सांगितली की त्यांचे चेहरे पडायचे, कारण त्यातलं एकही कुणी ऐकलेलं नसायचं. माझा नवरा विनय तर त्यांना 'तुझी हिरॉइन' म्हणायचा. माँट्रियलजवळच्या लव्हालमध्ये आमच्या घराला लागून त्यांचं घर. दोघांच्या पायऱ्यांमध्ये एक लोखंडी कठडा, तेवढंच अंतर. नागपूरहून मी इथे आले तेव्हा मला फ्रेंचमधलं 'नमस्कार' आणि 'माफ करा' एवढंच येत होतं, आणि पहिल्याच हिवाळ्यात मी 'माफ करा'च जास्त वापरलं. सरकारी वर्गात मी जात होते, पण तिथे आम्ही सगळे जगभरचे लोक एकमेकांच्या चुका पाठ करत होतो. एके दिवशी मादामनी कठड्यावरून मला हाक मारली, स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, पुढ्यात वांगी ठेवली आणि म्हणाल्या, चिर आणि बोल. माझं फ्रेंच तिथे सुरू झालं. मी वांगी, कांदे, टोमॅटो चिरत गेले आणि त्या बोलत गेल्या, वर्षानुवर्षं.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेलच्या जवळ समुद्रकाठी एक लहान गाव, वडिलांची मासळीची गाडी, आणि ही मुलगी गाडीमागे उभी राहून गिऱ्हाइकांना ओरडून बोलवायची. एका दिग्दर्शकाला समुद्राकाठचा चेहरा हवा होता. त्याने हिला पाहिलं आणि पॅरिसला नेलं. त्या काळी तिकडे पुष्कळदा आधी चित्र घेत आणि आवाज मागाहून स्टुडिओत भरत. शूटिंग संपलं, मादाम आपले संवाद म्हणायला म्हणून नवा झगा घालून स्टुडिओत गेल्या, तर काचेपलीकडे दुसरीच एक बाई उभी राहून यांच्या ओठांवर आपला आवाज बसवत होती. कुणी सांगायचीही तसदी घेतली नव्हती. दिग्दर्शक म्हणाला, चेहरा उत्तम आहे, पण या बोलीत तू तोंड उघडलंस की लोकांना मासळीबाजार आठवतो, प्रेमप्रसंगाला हसतील. मादाम म्हणायच्या, "तो खोटं बोलत नव्हता गं, हसलेच असते." मला मात्र त्या माणसाचा अजूनही राग येतो.

दक्षिणेकडचे लोक शब्द शेवटपर्यंत म्हणतात. पॅरिसवाले गिळून टाकतात ती शेवटची अक्षरं ते तोंडात घोळवून बाहेर सोडतात, आणि नाकातल्या उच्चारांना मागून घंटेसारखा एक हलका 'ग' लावतात. ऐकायला ते गाण्यासारखं लागतं, पण उत्तरेत त्याची गंमत होते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी नागपूरची. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मला भूमिका मिळाली ती धुणंभांडी करणाऱ्या बाईची. पुण्याचे दिग्दर्शक मोठ्या कौतुकाने म्हणाले होते, "वहिनी, तुमचा टोन एकदम नॅचरल आहे हो, ॲक्टिंग करायची गरजच नाही." घरी येऊन मी विनयला म्हटलं, "काऊन रे, आमच्याकडच्या डॉक्टरीणबाई काय मुक्या असतात का?" ही हकिकत मी मादामना सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या, की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. मग ती पुन्हा उचलली. म्हणाल्या, तुला निदान तुझ्या आवाजात भांडी तरी घासू दिली.

पहिला सिनेमा गावाजवळच्या थिएटरात लागला. त्यांची आई चांगले कपडे करून, शेजारणींना घेऊन गेली. मादाम पॅरिसला होत्या. नंतर त्या घरी आल्या तेव्हा आई कामाला लागलेली, नजर न मिळवता म्हणाली, "तुझं तोंड हलत होतं. बोलत होती कुणी एक बाई." पुढे मादामचे जे जे सिनेमे आले, ते पाहायला आई गेली नाही. मादामनी उच्चार सुधारायला शिकवणी लावली. दातांत पेन्सिल धरून वाचायच्या, घरी पत्र लिहिलं तरी मनातल्या मनात पॅरिसच्या उच्चारात लिहायच्या. दरम्यान आणखी काही सिनेमे झाले. कुठे नायिकेची बहीण, कुठे खिडकीत उभी राहून वाट पाहणारी, आणि प्रत्येक वेळी आवाज दुसरीचा. शेवटी त्यांची जीभ पार धुतल्यासारखी स्वच्छ झाली... तोवर चेहरा नवा राहिला नव्हता. मग एका कॅमेरामनशी लग्न करून त्या माँट्रियलला आल्या. लग्न टिकलं नाही, त्या टिकल्या.

इथे त्यांना काम मिळालं ते डबिंगचं. अमेरिकन सिनेमे फ्रेंचमध्ये करायचे, आणि तिकडच्या नट्यांना आवाज द्यायचा. त्या कामाची पद्धत मोठी गमतीची. पडद्यावर चित्राच्या खालून एक पट्टी सरकत जाते, तिच्यावर हाताने लिहिलेले संवाद. आवाज लांबवायचा असेल तिथे अक्षरं लांबट, घाईत बोलायचं तिथे दाटीवाटीने. पट्टीवर एक उभी रेघ असते, शब्द त्या रेघेला टेकला की तोंडातून निघायलाच हवा. मादामनी या कामात आयुष्य काढलं. कितीतरी अमेरिकन बायका त्यांच्या आवाजात रडल्या, नवऱ्यांना सोडून गेल्या, विमानं उतरवून मोकळ्या झाल्या. दुकानात त्या टोमॅटो मागायच्या आणि शेजारची माणसं वळून बघायची, आवाज ओळखीचा, चेहरा नाही. माझी मुलगी सई तेव्हा शाळेत होती. तिला फार अप्रूप. "आई, शी इज लाइक, फेमस! बट नोबडी नोज!" मादामना मी याचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे. म्हणजे चेहरा होता तिथे आवाज नव्हता, आणि आवाज होता तिथे चेहरा नव्हता. दोन्ही एका ठिकाणी, एकदा तरी, पडद्यावर यावेत एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी मला एकदाच बोलून दाखवली, भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

माझ्याशी बोलताना त्या जुन्या, गावाकडच्या बोलीत बोलायच्या. हे मला फार उशिरा समजलं, आणि तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. मी विचारलं, माझ्याशीच का? लाडात येऊन म्हणाल्या, "तुला फरक कळत नव्हता, मा बेल. तुझ्यासमोर तोंड उघडताना मला स्वतःला ऐकावं लागत नव्हतं." इतर कुणी आलं, पोस्टमन, डॉक्टर, जुने सहकारी, की लगेच जीभ इस्त्री करून बाहेर यायची.

दोन वर्षांपूर्वी नोएमी नावाची एक तरुण दिग्दर्शिका त्यांना भेटायला आली. तिच्या सिनेमात फ्रान्सहून आलेल्या एका म्हातारीचं काम होतं. मादामनी ठेवणीतली लिपस्टिक लावली, मला केक आणायला पिटाळलं, आणि तासभर आपल्या त्या स्वच्छ, स्टुडिओतल्या फ्रेंचमध्ये बोलल्या. पोरगी सभ्यपणे ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं हे मलाही दिसत होतं. ती उठली, बूट घातले, दार उघडलं, आणि नेमक्या त्या क्षणी रस्त्यावरचा बर्फ लोटत जाणाऱ्या प्लाऊच्या गाडीने एक ढिगारा मादामच्या नुकत्याच शोव्हल करून साफ केलेल्या वाटेवर टाकला. मादाम सपाता घालून पायरीवर गेल्या आणि ड्रायव्हरला त्यांनी जे काही सुनावलं, ते अस्सल मासळीबाजारातलं होतं. प्लाऊ थांबला. नोएमी दारातच उभी राहिली होती. म्हणाली, "हा आवाज इतका वेळ कुठे होता?" मादाम एकदम लाजल्या. मी त्यांना लाजताना प्रथमच पाहिलं.

काम पक्कं झालं, आणि मग एक अडचण निघाली. सरावाला कॅमेरा समोर आला की मादामची नजर खाली जायची. वाक्य सुरू झालं की डोळे समोरच्या माणसाच्या हनुवटीखाली उतरायचे आणि डावीकडून उजवीकडे सरकायचे. त्या पट्टी शोधत होत्या! जिथे पट्टी नव्हती, कधी येणार नव्हती, तिथे इतक्या वर्षांची सवय डोळ्यांना घेऊन जायची. नोएमीने आधी हसण्यावारी नेलं, मग तिला काळजी वाटू लागली, आणि निर्माते दुसरं कुणी बघा म्हणायला लागले. मादाम त्या दिवशी घरी आल्या त्या कोटही न काढता खुर्चीत बसल्या. "जीभ पॅरिसवाल्यांनी नेली," त्या म्हणाल्या, "आणि डोळे मी स्वतः देऊन बसले."

मग आम्ही सराव सुरू केला. पाळणाघरातून आले की मी त्यांच्या स्वयंपाकघरात समोर बसायची. सिनेमात ती म्हातारी गोठलेल्या नदीकाठी उभी राहून आपल्या मेलेल्या बहिणीशी बोलते, लांबलचक भाषण आहे. मी ती बहीण. मादाम बोलायच्या, आणि नजर घसरली की मी टेबलावर चमचा वाजवायची. आधी आधी सारखा चमचा वाजायचा, विनय पलीकडून विचारायचा, अगं किचनमध्ये काय रिनोव्हेशन चाललंय का? मादाम चिडायच्या, मला गाढव म्हणायच्या, मीही एकदा वैतागून नागपुरी ऐकवलं, "बघा ना माझ्याकडे, मी काय भूत आहो का?" त्यांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी वर पाहिलं. मग असंच जमत गेलं. थंडी वाढत गेली आणि चमचा कमी कमी वाजू लागला. भाषण त्यांच्याबरोबर माझंही पाठ झालं.

शूटिंग जानेवारीत झालं. मी सुट्टी टाकून गेले होते. नदीकाठी असा बोचरा वारा, की मुलांना मी बाहेरसुद्धा काढलं नसतं. मादाम एका जुन्या कोटात उभ्या होत्या, आणि बोलायला लागल्या. "आमचा समुद्र कधी गोठला नाही. या पाण्यात मीठ नाही, म्हणून ते गोठतं..." पूर्ण भाषण, एका दमात, त्यांच्या गावच्या आवाजात, आणि नजर एकदाही खाली नाही. मादाम बहिणीच्या जागी कॅमेऱ्याशेजारी उभ्या केलेल्या मुलीच्या डोळ्यांत बघत होत्या, पण मला वाटलं माझ्याकडेच बघताहेत. भाषण संपलं. मग नोएमी धावत गेली आणि तिने त्यांना मिठीच मारली. घरी परतताना गाडीत मादाम मला म्हणाल्या, "आईने बघायला हवं होतं." बस्स, एवढंच.

आठवड्याने नोएमी आली ती चेहरा पाडून. चित्र अप्रतिम होतं. आवाजात मात्र वारा शिरला होता, आणि पलीकडच्या काठावर बर्फ काढणाऱ्या यंत्राची घरघर, जी आम्हाला त्या दिवशी ऐकूसुद्धा आली नव्हती. खूप खटपट केली, पण शब्द वर येत नव्हते. एक दुपार स्टुडिओत येऊन तेच पुन्हा म्हणाल का? मी मादामकडे बघायचं टाळलं. पण त्या चक्क खुश झाल्या. म्हणाल्या, इतक्या बायकांना आवाज दिला, आता स्वतःला देते! दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली, ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या मास्कमागून त्या मला विचारत होत्या की स्टुडिओला कळवलंस का, तारीख पुढे घ्यायला सांग. मी कळवलं होतं. तारीख पुढे घेतलीही होती. आणि मग तो फोन आला, स्नोसूट चढवताना.

एक दुपार. त्या बाईला आयुष्याकडून आणखी फक्त एक दुपार हवी होती. कुणाचा दोष नाही, वाऱ्याचा नाही, यंत्रवाल्याचा नाही, डॉक्टरांचा तर नाहीच. दोष देता आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं, निदान राग कुठेतरी ठेवता आला असता.

मागच्या आठवड्यात नोएमीने मला स्टुडिओत बोलावलं. निर्मात्यांनी दुसऱ्या एका नटीकडून भाषण म्हणवून घेतलं होतं. ती बाई चांगली होती, मादामना ओळखत होती, तिने दक्षिणेची बोली आणायचा प्रयत्नही केला होता, पण ती नक्कल वाटत होती. म्हणून मग साध्या, स्वच्छ फ्रेंचमध्ये केलं. अंधारात पडद्यावर मादाम आल्या. तोच कोट, तीच नदी, नजर माझ्याकडे. आणि त्यांच्या ओठांतून कुणी एक बाई बोलू लागली. सुंदर बोलली. कुणालाही काही खटकणार नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

दिवे लागले. मी नोएमीला म्हटलं की काम चांगलं झालंय. आणखी काय म्हणणार? तेवढ्यात आवाजाच्या यंत्रावर बसलेला माणूस खुर्ची वळवून माझ्याकडे पाहू लागला. वयस्क, पांढरी दाढी. "माफ करा मादाम, तुम्ही मार्सेलला किती वर्षं होतात?" मी म्हटलं, मी कधीच गेले नाही, मी नागपूरची, भारतातली. त्याचा विश्वास बसेना. तो तिकडचाच होता. म्हणाला, इथे इतकी वर्षं झाली, असं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं, माझी आई असं बोलायची... पाळणाघरात काम करणाऱ्या आम्ही अल्जीरियाच्या, हैतीच्या, लेबनॉनच्या, प्रत्येकीचं फ्रेंच वेगळं. माझं जे वेगळं होतं ते मी भारतीय असल्यामुळे, असं सगळ्यांनी आणि मीही गृहीत धरलं होतं.

नोएमी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला कळलं तिच्या मनात काय आलंय ते. "तुला ते भाषण पाठ आहे ना?" तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

पाठ होतं. प्रत्येक शब्द, प्रत्येक थांबा, आणि त्यांनी शिकवलं तसंच. मायक्रोफोन समोर होता. मी क्षणभर खरंच विचार केला... मग मी मान हलवली. म्हटलं, नको. त्यांच्या तोंडात आजवर इतक्या बायका बोलल्या, त्यात मी भर घालणार नाही. माझा आवाज त्यांच्यासारखा असेल, पण त्यांचा नाही. नोएमीने माझा हात दाबला. मी बरोबर केलं की चूक, हे माझं अजून ठरत नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं की परत जावं. घरी आल्यावरही वाटलं. आजही वाटतं.

शेजारच्या घराला आता 'विकणे आहे'ची पाटी लागली आहे. कठड्यापलीकडची वाट कुणी साफ केलेली नाही, बर्फ आपल्या आपण वितळतो आहे. परवा संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि पाव मागितला. शब्द शेवटपर्यंत म्हटला, मागून येणारी ती हलकी घंटाही वाजली, आणि प्रथमच मी स्वतःला ऐकलं. गल्ल्यावर नवीन मुलगी होती. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता तिने हसून विचारलं, "मादाम, तुम्ही मार्सेलकडच्या का?"

मी म्हटलं, हो.